सूपचं पाणी कशाचं?

वाटी ओठाला लागणार तेवढ्यात समोरच्या पाहुण्याने हात पुढे केला आणि झाकण ठेवावं तसा माझ्या वाटीवर धरला. आमच्या कंपनीत आलेला जपानी माणूस. आयुष्यात कुणाच्या वाटीला त्याने हात लावला नसेल. मला कळेना काय झालं. 'सुमिमासेन, सुमिमासेन', म्हणजे माफ करा, माफ करा, म्हणत त्याने फोनवर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वाळक्या लाकडाच्या तुकड्यासारखं काहीतरी दिसत होतं, शेजारी सुताराच्या रंध्यातून निघावा तसा गुलाबीसर कीस, आणि खाली मासा. अख्खा, डोळ्यासकट.

मिसो सूप होतं ते. ऑर्डर देताना मी वेटरला रीतसर विचारलं होतं, व्हेज आहे ना? तो म्हणाला होता, "सर, मिसो सोयाबीनचा असतो. हंड्रेड परसेंट." आणि तो खोटं बोलत नव्हता. मिसो सोयाबीनचाच असतो. आंबवलेलं, खारट, तांबूस वाटण. पण ते ज्या पाण्यात कालवतात ते नुसतं पाणी नसतं. त्याला दाशी म्हणतात, आणि नेहमीची दाशी होते बोनिटो नावाच्या माशाची. ट्यूनाच्या भावकीतला हा मासा उकडतात, धुरी देतात, लाकडासारखा टणक होईस्तोवर सुकवतात आणि मग खरोखरच रंध्यावर किसतात. तो कीस गरम पाण्यात घातला की पाण्याला चव उतरते, मग गाळून घेतात. गाळल्यावर मासा राहत नाही. म्हणजे दिसत नाही.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आदल्या दिवशी प्लँटमध्ये ती कॉलरमधून डोकावत होती म्हणून पाहुण्याने विचारलं होतं, आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं होतं की ही गळ्यात असेपर्यंत मास-मच्छी नाही, दारू नाही. त्याने मान डोलावली होती. मला वाटलं, नुसतीच डोलावली. त्याच्या लक्षात राहिलं होतं. हॉटेलच्या लक्षात राहणार नव्हतं.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, एकवीस वर्षं. आमच्याकडे कस्टमरची कंप्लेंट आली की 'ऑपरेटरची चूक' हे उत्तर चालत नाही. का, का, का असं पाच वेळा विचारत खाली जायचं, मूळ सापडेपर्यंत. सवयच लागलीय. त्या रात्री विश्रांतवाडीला घरी येईपर्यंत गाडीत माझं हेच चाललं होतं. वेटर व्हेज का म्हणाला? मेनूकार्डावर हिरवा ठिपका होता म्हणून. ठिपका का होता? कारण ज्याने कार्ड केलं त्याने वाटीत बघितलं: टोफूचे चौकोन, कांद्याची पात, समुद्री शेवाळ. मासा कुठाय? नाही. दिला ठिपका. जे दिसत नाही ते नसतं, असं धरून चाललेला तो ठिपका. आमच्या लाईनवर असा पार्ट कुणी पास केला असता तर मी त्याला दिवसभर समोर उभा केला असता.

पण हे झालं जपानी हॉटेलचं, वर्षातून दोनदा जायचं. माझं रोजचं दुखणं वेगळं आहे.

आमचं गाव सासवड. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे मुक्कामाला असते, त्यामुळे वारी आम्हाला वेगळी सांगावी लागत नाही. तरी भावकीत निम्मे माळकरी, निम्मे नाहीत. दादांनी, म्हणजे वडिलांनी, पंचविशीत माळ घातली. त्याआधी जत्रेतलं मटण ते कसे बोटं चाटून खायचे हे आत्या अजून रंगवून सांगते. आमच्याकडे कार्य असलं की देवाच्या दिवशी एक पंगत आणि दुसऱ्या दिवशी दोन चुली. आम्ही पोरं तिकडच्या चुलीवरून पळत इकडे यायचो आणि कुणी कुणाला नाक मुरडत नव्हतं. ज्याची माळ त्याच्या गळ्यात.

बायको माहेरची वेंगुर्ल्याची. लग्नाच्या बोलण्यांत मानपान पाच मिनिटांत आटपला, मासे तासभर चालले. शेवटी तिच्या मामांनी निवाडा दिला: घरात नाही, बाहेर हवं तेवढं. अठरा वर्षं झाली, दोन्ही बाजूंनी शब्द पाळलाय. म्हणजे हॉटेलात जाणं ही आमच्याकडे चैन नाही, करारातलं कलम आहे. तिला महिन्यातून दोनदा तरी मासा मिळाला पाहिजे. आणि मी शेजारी बसून नुसती काकडी चावायची नाही, हे माझं उपकलम.

आता कुणीही म्हणेल, पुण्यात राहून शाकाहारी माणसाला काय कमी? खरं आहे, काही कमी नाही. टिळक रोडवरचं बादशाही १९३२ पासून जेवू घालतंय. पोळी, भाजी, आमटी, भात. घरच्यासारखं म्हणतात तसं नाही, घराच्या शिस्तीतलं. लक्ष्मी रोडचं पूना गेस्ट हाऊस १९३५ चं, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी काढलेलं. तिथे गेलं की माझं लक्ष भिंतीवरच्या जुन्या फोटोंकडे जास्त आणि ताटाकडे कमी. एफसी रोडला वैशालीच्या दारात नाव लिहून ताटकळण्याची हौस माझ्या लेकीने माझ्याकडून घेतली. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ आहे, गोडुस. ती मिसळ आहे की नाही यावरून आमच्या घरात दर वेळी भांडण होतं, आणि तरी दर वेळी जातो. सिंहगडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. यातल्या कुठेही मला 'व्हेज आहे का' विचारावं लागत नाही, हे सुख ज्याला रोज विचारावं लागतं त्यालाच कळेल.

फक्त या सगळ्या ठिकाणी बायको दुसऱ्या पोळीला हात आखडता घेते आणि म्हणते, "तुम्ही जेवा, मी बघते."

एकदा तिने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "शुद्ध शाकाहारी. मग मी काय अशुद्ध?" मी काय बोलणार? ती पाटी लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, काळजी नको. पण तो 'शुद्ध' शब्द नुसत्या कढईपुरता राहत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. आम्ही भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एका सोसायटीत माझी माळ बघून चहा आला आणि बायकोचं माहेर ऐकून 'ओनरला विचारून सांगतो' आलं. ओनरने अजून सांगितलेलं नाही.

शिवाय, शुद्ध असलं की चांगलंच असतं असंही नाही. हायवेवर एवढाल्या अक्षरांत प्युअर व्हेज लिहिलेली हॉटेलं मी इतकी पालथी घातलीत की मेनू न बघता ऑर्डर देऊ शकतो, कारण मेनू एकच आहे. व्हेज कोल्हापुरी, व्हेज हंडी, पनीर बटर, पनीर कढाई, मलई कोफ्ता, पालक पनीर. चाळीस नावं. मागे सकाळी तीन-चार पातेल्यांत ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात: कांदा-टोमॅटोची, मखनी, काजू-मगजबीची पांढरी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की पळीभर हिच्यातली, पळीभर तिच्यातली, वरून पनीर नाहीतर फ्लॉवर-फरसबी, त्याच्यावर क्रीमची रांगोळी. आमच्या धंद्यात याला एकाच चॅसिसवर चार मॉडेल काढणं म्हणतात. चूक काहीच नाही त्यात. रात्री नऊला दीडशे माणसं जेवायला आली की दुसरं होणार तरी काय. पण महाराष्ट्रात बसून, बाहेर मंडईत गवार, घेवडा, पडवळ, कारली, माठ, अंबाडी, घोसाळी ढिगाने पडलेली असताना, शाकाहारी माणसाला वर्षभर पनीर घालायचं म्हणजे शिक्षाच आहे. पनीर हे आमच्या सासवडात मी दहावी होईपर्यंत बघितलंही नव्हतं.

मग उरली मिक्स हॉटेलं. इथे तिचं भागतं आणि माझी तपासणी सुरू होते.

कंपनीची आखाडपार्टी श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात असते, मोशीच्या पुढे कुठल्यातरी मटण-भाकरीच्या खानावळीत. मी जातो. न जाणं बरं दिसत नाही, आणि तिथली ज्वारीची भाकरी चांगली असते. 'व्हेज काय आहे?' असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "अंडाकरी आहे ना." मी माळेला हात लावून दाखवतो. मग शेवभाजी येते. शेवभाजीच्या रश्श्याला जी तर्री असते ती कुठल्या पातेल्यातून आली हे विचारायचं धाडस मी एकदा केलं. पोऱ्या प्रामाणिक होता. म्हणाला, "मसाला एकच हाय साहेब, पीस टाकत नाय." तेव्हापासून आखाडपार्टीत मी भाकरी, ठेचा, कांदा, दही खातो आणि सगळ्यांत आधी माझं पोट भरतं.

'पीस टाकत नाय' हे वाक्य मी नंतर फार ठिकाणी वेगवेगळ्या भाषेत ऐकलं. कॅम्पातल्या एका चायनीजमध्ये मंचाव सूपचं पाणी चिकन उकडलेलं होतं, म्हणे, "चिकन घातलं नाहीये सर, फक्त स्टॉक आहे." दुसऱ्या एका ठिकाणी तंदूरवाला ज्या ब्रशने कबाबला बटर फासत होता त्याच ब्रशने माझी रोटी चोपडत होता, आणि मी काचेतून बघतोय हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याने काय केलं, तर पाठ फिरवून उभा राहिला. भज्याच्या कढईत आधी फिश फिंगर तळलेले असतात. या कुणालाही मला फसवायचं नसतं. त्यांच्या लेखी मांसाहार म्हणजे तुकडा. तुकडा नाही ना? मग व्हेज. मी म्हणतो, तेल, पाणी, मसाला, ब्रश, सळई. यांची मोजदाद त्यांच्याकडे कुणी शिकवलेलीच नाही.

लेक यावर म्हणते, "बाबा, तुम्ही जेवायला येता की ऑडिटला?" ऑडिटलाच जातो. आता माझा प्रश्न बदललाय. 'व्हेज आहे का' हा प्रश्न मी टाकून दिला, कारण त्याचं उत्तर 'हो' सोडून दुसरं मिळत नाही. मी विचारतो, सूपचं पाणी कशाचं? आणि गप्प बसतो. जो वेटर चटकन 'व्हेजच आहे सर' म्हणतो तिथे मी सूप घेत नाही. जो म्हणतो 'एक मिनिट, आत विचारून येतो', त्याच्या हॉटेलात मी डोळे मिटून जेवतो. दोन्ही उत्तरांत अर्ध्या मिनिटाचा फरक असतो.

या प्रश्नाने मला एक भला माणूस भेटला. कोरेगाव पार्काच्या बाजूला एक थाई हॉटेल आहे, लेकीच्या हट्टासाठी गेलो होतो. थाई करी म्हटलं की दोन गोष्टी सांभाळायच्या: फिश सॉस, जो मीठ घालून मुरवलेल्या माशांचं पाणी असतो, आणि करीची पेस्ट, जिच्यात बहुतेक वेळा वाटलेली कोळंबी असते. हिरव्या मिरच्या, गवती चहा, नारळाचं दूध असा सगळा साळसूद कारभार, आणि तळाशी कोळंबी. मी विचारलं, पेस्ट इथे वाटता की डब्यातली? वेटर आत गेला, आणि बाहेर आला तो खुद्द आचारी. हातात डबा. आम्ही दोघांनी टेबलावर चष्मे लावून लेबल वाचलं. ठिपका हिरवा होता, आणि घटकांच्या यादीत कोळंबी नव्हती. म्हणाला, "दुसरा डबा पण आहे, त्याच्यात असते. तो नॉनव्हेजवाल्यांना. डबे वेगळ्या फळीवर ठेवतो." फिश सॉसऐवजी काय? "सोया सॉस, आणि मीठ थोडं जास्त." वेगळी फळी! मला त्या माणसाला कंपनीत न्यावंसं वाटलं. आमच्या स्टोअरमध्ये दोन सारखे दिसणारे पार्ट एका रॅकमध्ये ठेवू नका हे सांगून माझे केस पांढरे झालेत.

ठिपक्यावरून आठवलं. पाकिटावरच्या खुणेत पूर्वी शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी ठिपका असायचा. २०२० सालच्या लेबलच्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण झाला. रंगआंधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी सारखेच दिसू शकतात, आकार मात्र चुकत नाही. हे वाचलं तेव्हा मी खूश झालो, कारण आमच्याकडे डोळ्यांनी माल तपासणाऱ्या माणसाची आधी रंगांची परीक्षा घेतात. ठिपक्याठिपक्यांतून आकडा ओळखायचा, ती इशिहाराची चित्रं. त्या परीक्षेत दरवर्षी एखादा पोरगा नापास होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळतं की आपल्याला तांबडं-हिरवं वेगळं दिसत नाही. असा पोरगा इतकी वर्षं पाकिटावर काय वाचत असेल?

तरी ठिपका पाकिटाचा. पाकीट फोडून कढईत पडल्यावर पुढे काय होतं ते ठिपक्याला ठाऊक नसतं. परदेशी चीजमध्ये तर आणखी गंमत: खऱ्या इटालियन पार्मेजानोचं दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडच्या पिझ्झ्यावर पडतं ते चीज बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, त्यामुळे पिझ्झ्याला मी फार छळत नाही. पुडिंग थरथरत असेल तर विचारतो, जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन की शेवाळाचं चायना ग्रास? केकचं पुण्यात बरं आहे, एगलेस मागितला तर दुकानदार वेड्यात काढत नाही.

आता त्या बाईंबद्दल, ज्यांच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो.

आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर एक मालवणी खानावळ आहे. नाव सांगत नाही. सहा टेबलं आहेत, आणि आम्हाला अजून जागा मिळायला हवी. पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोने आत शिरताच मालवणीत सुरुवात केली आणि काउंटरवरच्या काकी आणि ती, दोघी मिळून वेंगुर्ल्याच्या बाजारात पोचल्या. मी कोपऱ्यात मेनू चाळत होतो. शाकाहारी थाळी अशी ओळ होती, तिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आली पनीर भुर्जी.

काकींनी माझ्या गळ्याकडे बघितलं. "शिवराक जेवतलात?"

शिवराक. हा शब्द मी बायकोच्या माहेरी ऐकलेला, हॉटेलात पहिल्यांदा. शिवराक म्हणजे मासे-मटण नसलेलं जेवण. पण त्यात शुद्ध-अशुद्ध काही नाही. कोकणात सोमवारी शिवराक, संकष्टीला शिवराक, श्रावण पाळणाऱ्याकडे महिनाभर शिवराक. आज शिवराक म्हणजे उद्या नाही. माणूस तोच, चूल तीच, वार वेगळा.

मी हो म्हटलं. मग त्यांनी मला काही विचारलं नाही. मीच तोंड उघडायच्या आत त्या आत ओरडल्या, "ते काप त्या तव्यार नको, वरचो काढ." म्हणजे माझे सुरणाचे काप माशांच्या तव्यावर नकोत, वरच्या फळीवरचा तवा काढा. अठरा वर्षांत मला हे कुणी न विचारता सांगितलं नव्हतं.

ताट आलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, खोबरं खरपूस भाजून वाटलेलं, इतकं काळपट की दिव्याखाली धरून बघावं लागलं. सुरणाचे काप, आधी कोकमाच्या पाण्यात ठेवलेले, म्हणजे घशाला खाज नाही, मग तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवून तव्यावर. कडेला रवा सुटून कुरकुरीत झालेला, मधे सुरण मऊ, जवळजवळ लोण्यासारखं. सोलकढी, लसूण अगदी बेताची. एक भाजी फणसाची. मी फणस खाल्ला आणि क्षणभर हात थांबला, कारण तो दाताखाली रेषेरेषेने सुटतो आणि मला वाटलं, झालं, चुकून काहीतरी आलं. काकी लांबून हसल्या. "फणस आसा तो, घाबरू नका."

समोर बायकोची सुरमई. दोघांच्या तुकड्यांवर तोच रवा, तीच तिखटाची तांबूस कड. लांबून बघणाऱ्याला दोघं एकच जेवतायत असं वाटलं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा ती 'मी बघते' म्हणाली नाही आणि मीही नाही.

पुढच्या खेपांत मी तिथे बसून हळूहळू मूळ शोधलं. काकींच्या हाताला शाकाहार इतका चांगला का बसला? कारण तो त्यांना आठवड्यातून एकदा तरी स्वतःला खायला लागतो. ज्याला रोज मासा लागतो त्याला सोमवारी नुसतं वरण-भात पुढे ठेवून कसं चालेल? त्या जिभेला समजवायला मग वाटाण्यात तेच वाटण, सुरणावर तोच रवा, ओल्या काजूच्या दिवसांत काजूची उसळ. हॉटेलातल्या पनीरवाल्याला मी गिऱ्हाईक आहे. काकींना मी म्हणजे त्यांचाच सोमवार.

त्यांच्याकडेही एकदा फजिती झालीच. आम्ही सोमवारी गेलो. चुलीवर मासा नाही. "आज आमचा पण शिवराक," काकी म्हणाल्या. बायको कंपनीतून दमून, दिवसभर बांगड्याची स्वप्नं बघत आलेली. तिने निमूटपणे काप खाल्ले. बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना म्हणाली, "तुमची माणसं सगळीकडे असतात."

जपानी पाहुणा पुन्हा आला होता, पावसाळ्यात. या वेळी मी त्याला म्हटलं, ते सूप नको. तो म्हणाला, थांबा. तोच हॉटेलवाल्याशी आधी फोनवर बोलला होता. आम्ही गेलो तेव्हा वेगळ्या पातेल्यात माझ्यासाठी पाणी केलेलं होतं, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं आणि वाळवलेल्या मशरूमचं. रंग तांबूस, चव मुरलेली, जराशी गोडसर. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे बौद्ध मठांतलं जेवण असंच असतं, शोजिन म्हणतात. मास-मच्छी नाही, आणि कांदा-लसूणही नाही. मी म्हटलं, आमच्याकडे चातुर्मासात असतं तसं. आषाढ शुद्ध नवमीला आम्ही कांदेनवमी करतो, पोटभर कांदाभजी खाऊन चार महिने कांद्याला सुट्टी देतो, हे त्याला समजावताना मला फार वेळ लागला आणि त्याला ते फार आवडलं. वहीत लिहून घेतलं त्याने. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, मी डब्यात साबुदाण्याची खिचडी नेली होती, त्याला चमचाभर दिली. 'तापिओका!' म्हणाला. चहात घालून पितात तो साबुदाणा त्याला ठाऊक होता. दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची लावलेला ठाऊक नव्हता. पाणी प्यायला त्याने दोन ग्लास.

पुढच्या महिन्यात बायकोचा वाढदिवस आहे, आणि तो नेमका एकादशीला आलाय. आठवडाभर घरात याच्यावर खलबतं चालू आहेत. लेक म्हणते, आदल्या दिवशी जाऊ. बायको म्हणते, आदल्या दिवशी माझा वाढदिवस नसतो. शेवटी काल मीच काकींना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"माझी पण एकादशी असते," त्या म्हणाल्या. "मला लागतेच, तुमची पण भगर टाकते. दाण्याची आमटी करते. सैंधव आहे. चेडवाला, म्हणजे तुमच्या बायकोला, सुरमई मुलगा तळून देईल."

मी म्हटलं, फार उपकार होतील.

"ते ऱ्हवांदे. टेबल एकच लावू की दोन?"